सातडोळ्याचे कोरे डोळे

आप्पा, तो सिनेमा सापडला. आपण पेणला बसून रंगवलेला. लेकीने मोबाइलवर कुठून तरी हुडकून काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. आमच्या घरात तो कुणी कधी पाहिला नव्हता, पण त्याची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे: आजोबांनी परदेशातलं कार्टून रंगवलं आणि डोळेच काढायचे विसरले. दिवाळीला, बारशाला, कुणी पाहुणा आला की कुणी तरी ती सांगतंच. मीही सांगते आणि सगळ्यांबरोबर हसते. तीस वर्षं झाली. ती गोष्ट खोटी आहे हे आता एकट्या मला ठाऊक आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला ते तेव्हापासूनच ठाऊक होतं म्हणा. पण दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत होत नाही, आणि तुम्ही काही उठून चारचौघांत बोलणार नाही.

मी मुंबईला स्टुडिओत लागले तेव्हा तुम्ही पेणभर सांगत सुटला होतात की पोरगी सिनेमात गेली. नाक्यावरचा चहावाला मला विचारायचा, हिरो भेटला का? हिरो कुठला, दिवसभर काचेखाली दिवा लावून रेघा ओढायच्या. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वीची काळीपांढरी कार्टून पडून होती. काळंपांढरं आता कुणी टीव्हीवर लावत नाही, म्हणून ती पुन्हा रंगीत करायची होती. आणि रंगीत करायची म्हणजे बटण दाबून नव्हे. जुन्या फिल्ममधलं एकेक चित्र मोठं करून कागदावर गिरवायचं, तिथून सेलवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पारदर्शक कागदावर, काळ्या शाईने उतरवायचं, मग सेल उलटा करून मागच्या बाजूने रंग भरायचा. वाळला की मागे आभाळ, डोंगर, जो काही देखावा असेल तो ठेवून कॅमेऱ्याखाली घालायचा. सात मिनिटांच्या सिनेमाला असे हजारो सेल लागतात. गिरवणारे मुंबईत पुष्कळ होते, रंगवणारे हात कमी पडत होते. मी स्टुडिओतल्या साहेबांना म्हटलं, आमच्या पेणला गणपती झाले की रंगवणारे हात रिकामेच असतात, खोकी तिकडे पाठवा, मी बघते. साहेब खूश झाले. त्यांना वाटलं, पोरीला गावाची ओढ आहे.

खरं कारण तुमचा हात. त्या वर्षी तो थरथरायला लागला होता. तीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी तुमच्याकडे. लोक मूर्ती सांगायला आले की मालकांना विचारून घ्यायचे, डोळे आप्पाच काढणार ना? आणि त्या वर्षी मालकांनी गोड बोलून तुम्हाला पीतांबर रंगवायला बसवलं आणि आखणीला दुसराच एक जण घेतला. तुम्ही घरी येऊन सांगितलंत की पीतांबर बी महत्त्वाचा असतो. त्यानंतर ताटावर बसलात आणि न जेवता उठलात. मी तेव्हाच ठरवलं की यांच्या हातात परत डोळे द्यायचे. सेलवर बाहेरची रेघ आधीच ओढलेली असते. मागून भरलेला रंग जरा इकडेतिकडे गेला तरी त्या रेघेच्या जाडीखाली लपतो, पुढून काही कळत नाही. हे मी तुम्हाला बोलून दाखवलं नव्हतं, पण पहिल्याच दिवशी दुसऱ्या सेलला तुम्ही ते ओळखलंत. सेल उलटासुलटा करून पाहिलात आणि म्हणालात, 'रेघ माणसाला सांभाळून घेते गो.'

काम सुरू करायच्या आधी मूळ सिनेमाची कॅसेट आली होती ती आपण मालकांच्या घरी पाहिली. एक घर जागचं उठतं आणि शेजारच्या घराकडे पीठ उसनं मागायला जातं. जिना स्वतःच स्वतःवर चढून वर पोचतो. मासा झाडावर बसून छत्री विणतो. एक माणूस टोपी काढतो तर टोपीखाली आणखी एक माणूस, छोटा आणि रागावलेला. आणि त्या सगळ्यांचा राजा म्हणजे ते ध्यान, दोन डोळे तोंडावर, दोन तळहातांवर, दोन गुडघ्यांवर आणि सातवा शेपटीच्या टोकाला. बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. तुम्ही मात्र हसून हसून बेजार. तीनदा कॅसेट मागे घ्यायला लावलीत. म्हणालात, हे ज्याने काढलं त्याला घरच्यांची फार बोलणी खावी लागली असतील. राजाचं नाव सातडोळ्या तुम्हीच ठेवलंत, आणि पुढे मुंबईचे लोकसुद्धा फोनवर विचारायला लागले की सातडोळ्या कुठवर आला.

कारखान्याच्या शेडमध्ये आठ बायका, तुम्ही आणि मी. सेलवर बोटांचे ठसे उठू नयेत म्हणून सगळ्यांच्या हातांत पांढरे सुती मोजे. दारावरून जाणारा माणूस थबकून बघायचा की इथे दवाखाना कधी निघाला. पेट्या बांधायला आपल्या गल्लीतल्या मावशी होत्या, बेने इस्रायल ज्यूंपैकी त्यांचं एकच घर तेव्हा गल्लीत उरलेलं. शनिवार त्यांचा विश्रांतीचा, त्या दिवशी त्या यायच्या नाहीत आणि पेट्याही बांधायच्या नाहीत, हे पहिल्या आठवड्यातच ठरलं होतं आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. रंगांचा तक्ता परदेशातून आलेला, प्रत्येक रंगाला नंबर. तुम्हाला त्या नंबरांचा भारी राग. हिरवा सतरा म्हणजे काय, पोपटी म्हणा नाही तर कैरीचा म्हणा, असं पुटपुटत रंग कालवायचात. एक दिवस मला विचारलंत, मुळात हे काळंपांढरं, मग मासा जांभळा हे कुणी सांगितलं? मी म्हटलं, कंपनीने. तुम्ही म्हणालात, कंपनीनं कुठं पाहिला? बायका फिदीफिदी हसल्या. पण जांभळा तुम्ही इतका सुरेख भरत होतात की मुंबईहून निरोप आला, मासा ज्यांनी केला त्यांनाच सगळे मासे द्या. तो निरोप मी तुम्हाला दोनदा वाचून दाखवला. तुम्ही दोन्ही वेळा काही ऐकलं नाही असं दाखवलंत.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. तुम्ही म्हणालात, डोळे शेवटी. मी म्हटलं, आप्पा, हा काय गणपती आहे? ध्यान आहे ते! सेल मागून रंगवायचा असतो, इथे सगळंच उलटं, जे वर दिसायचं ते आधी भरायचं, बुबुळ आधी आणि पांढरं नंतर. तुम्ही म्हणालात, बुबुळ आधी भरू, मला काय त्याचं, पण अंग पुरं झाल्यावर. 'अर्धवट अंगानं कुणाला बघायला लावायचं नाय गो,' म्हणालात, 'देव असो नायतर ध्यान.' मग तसंच ठरलं. बाकी सगळे रंग वाळले की दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तुम्ही यायचात, मनगटाखाली वीट घ्यायचात, श्वास धरायचात आणि सगळे डोळे एकट्याने भरायचात. तुमचा हात मनगटापर्यंत हलायचा आणि पुढे विटेवर येऊन थांबायचा. मी लांबून बघत असे. आप्पा, त्या दीड महिन्यात तुमचं जेवण वाढलं होतं, आईने मला तसं सांगितलं.

माझं काम तपासायचं. प्रत्येक सेल उजेडासमोर धरायचा, कुठे फट राहिली का, रंग उकलला का, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं, आणि पेटीवरच्या चिठ्ठीवर 'तपासले' लिहून खाली सही करायची. मुंबईला ती सही बघूनच कॅमेऱ्याकडे पाठवत. शेवटचा तुकडा राहिला होता तो सातडोळ्या आभाळाखालून चालत जातो तो, दीडशे-एक सेल. त्या सकाळी तुम्ही आत न येता दाराशीच थांबलात. पायांत चपला तशाच होत्या. म्हणालात, 'राजाचे डोळे राह्यलेत. आज अमावास्या हाय, आज उघडत नाय. उद्या सकाळी करतो. ती पेटी ठेव.' मी म्हटलं, बरं. हे मी नीट ऐकलं होतं आप्पा. कामाच्या गडबडीत कानावरून गेलं असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण तसं झालं नव्हतं.

तुम्ही घरी गेलात आणि मी घड्याळाकडे बघायला लागले. अकराच्या सुमाराला रोह्याची गाडी होती. रोह्याला एका कंपनीत कामाला असलेल्या माणसाला मी चार महिने भेटत होते. दुपारच्या शिफ्टला जायच्या आधी तो रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या पुलावर येणार होता, आणि आज काही तरी ठरवून बोलायचं आहे असं त्याने कळवलेलं. पाय जमिनीवर नव्हते माझे. पेट्या मुंबईला नेणारा टेम्पो दुपारी यायचा होता, तोवर थांबले असते तर गाडी गेली असती. म्हणून मी काय केलं, एकही पेटी न उघडता सगळ्या चिठ्ठ्यांवर 'तपासले' लिहून सह्या ठोकल्या आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा पेट्यांवर चिकटवायला मावशींच्या हातात दिला. मावशींनी कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट करून विचारलं, ती पण द्यायची का गो? केसांना क्लिप लावता लावता मी म्हटलं, व्हय, सगळ्या. आणि पळाले.

मला आठवलं ते रोह्याच्या अलीकडच्या निडी स्टेशनात. गाडी उभी होती, एक बाई वालाच्या शेंगांचा भारा घेऊन चढत होती, आणि कशावरून तरी एकदम आठवलं की राजाचे डोळे कोरे आहेत. तिथे उतरता आलं असतं. उतरायचं नव्हतं तर रोह्याला पोचल्यावर मालकांच्या घरी फोन लावता आला असता, टेम्पो तेव्हा यायचाच होता. बूथ स्टेशनाबाहेरच होता, मी त्याच्या समोरून चालत गेले. म्हटलं, मुंबईला बघतील, परत पाठवतील, दोन दिवस उशीर होईल, त्यात काय. पुलावर तो आधीच येऊन उभा होता, कुंडलिकेला भरती होती, आणि त्याने घरी कधी येऊ असं विचारलं. नंतर दुसरं काही डोक्यात राहिलंच नाही. संध्याकाळी पेणला परत आले तेव्हा कोपरा रिकामा होता. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश धुऊन आलात आणि पेटी शोधायला लागलात. मी म्हटलं, टेम्पोवाल्याने चुकून नेली असेल, मी कळवते मुंबईला. तेही कळवलं नाही. कळवायचं तर सहीचं काय सांगणार होते?

चार-पाच दिवसांनी साहेब स्वतःच जीप घेऊन आले. फिल्मचा तुकडा खिशातून काढला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. सातडोळ्या चालला होता, आणि सातही डोळ्यांच्या जागी भोकं, भोकांतून मागचं आभाळ. सही होती म्हणून कॅमेरावाल्याने काढलं होतं, पुढे सगळं जोडून झालं होतं, परदेशी पाठवायची वेळ आली होती, आता काही बदलता येत नव्हतं. साहेब आठ बायकांसमोर नको नको ते बोलले. गावठी लोकांना काम दिलं हीच चूक, हेही बोलले. मग विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, 'डोळे आप्पा करतात. त्यांच्याकडून राहिले.' बघा, यातला एकही शब्द खोटा नव्हता. मावशींनी हातातला सुतळीचा गुंडा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तुम्ही उभे राहिलात. अमावास्या एवढा एकच शब्द तुम्ही बोलला असतात तरी पुरे होतं. पेटी ठेवायला सांगितली होती हे निघालं असतं, आणि मग चिठ्ठीवरची सही कुणाची हेही निघालं असतं. तुम्ही म्हणालात, 'व्हय साहेब, इसरलो. वय झालं.' आणि हातमोजे काढून फळीवर ठेवलेत.

घरी जाताना मी तुमच्या चार पावलं मागून चालत होते. तुम्ही एका दुकानात शिरलात आणि पोह्याच्या पापडांचं पुडकं घेऊन बाहेर आलात. माझ्या हातात दिलंत आणि विचारलंत, 'पोरगा बरा हाय का?' मी म्हटलं, कोण पोरगा? तुम्ही म्हणालात, रोह्याचा. मी रस्त्यातच रडायला लागले, लोक बघायला लागले, तर तुम्ही मलाच समजावताय की त्यांच्या घरी पहिल्यांदा जाशील तेव्हा मोकळ्या हातांनी जाऊ नये, पापड ठेव. थोडं पुढे गेल्यावर म्हणालात, 'सही करताना बघत जा गो.' झालं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, आणि तिच्यावर मला पडलेली बोलणी एवढीच.

माझी नोकरी राहिली. पेणचं काम बंद झालं, ते कदाचित तसंही झालं असतं, कारण पुढे हे सगळं कॉम्प्युटरवर गेलं. पण मालकांनी पुढच्या हंगामात तुम्हाला पीतांबरालासुद्धा बोलावलं नाही. आईला ते म्हणाले म्हणे, आप्पा विसरायला लागलेत, उद्या एखाद्या गणपतीचे डोळे राहिले तर लोक मला फाडून खातील. थरथरता हात एक वेळ चालला असता, विसरणारा माणूस कुणाला चालत नाही. त्यानंतर तुम्ही हातात ब्रश धरलेला मी पाहिला नाही. आणि गंमत बघा, ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती तुम्हीच, माझ्या लग्नात, माझ्या सासरच्या माणसांसमोर. दुसऱ्या कुणी काही बोलायच्या आत. साहेबांची नक्कल केलीत, फिल्म ट्यूबसमोर कशी धरली ते दाखवलंत, आणि स्वतःच्या डोक्यावर टपली मारून म्हणालात, डोळेच इसरलो की! मांडव हसला. आई गेल्यावर तुम्ही अष्टमी गावी आमच्याकडे राहायला आलात, तेव्हाही शेजारपाजारच्यांना सांगायचात. मी चहाचे कप घेऊन आतबाहेर करायचे. एकदा स्वयंपाकघरात धीर करून म्हटलं, आप्पा, आता मी खरं सांगते सगळ्यांना. तुम्ही कांदा चिरत होतात, कापऱ्या हाताने, जाडाजाडा. म्हणालात, 'राहू दे गो. चांगली चाललीय गोष्ट.' मला हायसं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण हायसं वाटलं. मावशी लेकाकडे इस्रायलला गेल्या तेव्हा माझ्या गालांवरून हात फिरवून एवढंच म्हणाल्या की बापाला जप. मग काही वर्षांनी तुम्हीही गेलात, आणि गोष्ट माझ्या हातात राहिली.

आता सिनेमाचं सांगते. जांभळा अजून जांभळा आहे. घर पीठ मागायला जातं तिथे लेक तुमच्यासारखीच हसली, अगदी डोळे पुसत. पाचव्या मिनिटाला सातडोळ्या येतो आणि त्याच्या अंगातून सात ठिकाणी आभाळ दिसतं. तो चालत जातो तसतसा एका डोळ्यातून ढग निघतो आणि दुसऱ्यात शिरतो. छान दिसतं आप्पा. तुम्हाला दाखवायला हवं होतं. लेकीने चित्र तिथेच थांबवलं. ती हिशेबाची पोरगी, बापावर गेली आहे. म्हणाली, आई, हे दीडशे सेल असतील, प्रत्येकाला सात डोळे. माणूस एखाददुसरा विसरेल. इतके सगळे कुणी विसरतं का? आजोबा खरंच विसरले होते?

हे पत्र तेव्हा अर्धं लिहून झालं होतं, उशाखालच्या वहीत होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी बरोबर प्रश्न विचारला होता, आणि विचारणारी माझीच लेक होती. एवढं सोपं कुणी करून देत नाही. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

'हो गं,' मी म्हटलं. 'वय झालं होतं त्यांचं.'

तुम्ही तेव्हा चोपन्न वर्षांचे होतात, आप्पा. मी आज छप्पन्नची आहे.